कैवार आणि आसक्ती

संकटात सापडलेल्याच्या बाजूने उभे राहणे हा धर्म आहे, याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु संकटात सापडलेला मनुष्य स्वतःच अपराधी म्हणून ओळखला जात असेल तर काय करावे? त्याच्याकडे पाठ फिरवावी, की त्याचा कैवार घ्यावा? आणि कैवार घ्यावयाचा तर तो कोठवर? हे प्रश्न केवळ न्यायालयातील वकिलांचे नाहीत. वाट चुकलेल्या मुलाचा पिता, कर्जबाजारी आणि व्यसनी भावाची बहीण, शाळेतून काढून टाकलेल्या विद्यार्थ्याचा गुरू, या सर्वांच्या दाराशी हे प्रश्न कधी ना कधी येऊन उभे राहतात.

अशा वेळी मनात दोन वृत्ती जागृत होतात. एक करुणा आणि दुसरी आसक्ती. दोघी दिसावयास जुळ्या बहिणींसारख्या असतात. दोघींच्या डोळ्यांत पाणी असते, दोघी रात्रंदिवस धावतात, दोघी स्वतःची तहानभूक विसरतात. म्हणूनच प्रारंभी त्यांची ओळख पटणे कठीण जाते. रणांगणावर अर्जुनाच्या डोळ्यांत आलेले अश्रू त्याला स्वतःला करुणेचेच वाटत होते. ते मोहाचे आहेत हे भगवंतांना सांगावे लागले. जेथे अर्जुनासारख्याची गल्लत झाली, तेथे सामान्य मनुष्याची होणार नाही असे कोण म्हणेल? तेव्हा या दोन वृत्तींतील भेद एका प्रत्यक्ष घडलेल्या वृत्तांतातून पाहणे हितावह आहे. हा वृत्तांत परदेशातील आहे. पण मनुष्याचे मन सर्व देशांत एकाच मातीचे असते.

एक खटला

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फे स्टेंडर नावाच्या वकीलबाई होऊन गेल्या. त्यांचा जन्म १९३२ सालचा. बालपणी त्या पियानोवादनात निपुण होत्या. परंतु संगीताची वाट सोडून त्या कायद्याकडे वळल्या आणि १९५६ साली शिकागो विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांनी मिळविली. दुर्बळांचे खटले चालविणाऱ्या चार्ल्स गॅरी या वकिलांच्या कचेरीत त्या काम करू लागल्या. १९६८ साली ‘ब्लॅक पँथर’ पक्षाचा नेता ह्यूई न्यूटन याच्यावर एका पोलिसाच्या वधाचा खटला उभा राहिला आणि त्यात त्याला शिक्षा झाली. पुढे १९७० साली वरिष्ठ न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, कारण ज्यूरीला कायदा समजावून सांगताना खालच्या न्यायाधीशांकडून महत्त्वाची त्रुटी राहून गेली होती. त्या अपिलाच्या कामात स्टेंडरबाईंचा मोठा वाटा होता. ज्याच्या बाजूने बोलावयास कोणी धजत नाही त्याच्या बाजूने बोलावयाचे, हे त्यांच्या जीविताचे सूत्र होऊन गेले होते.

त्याच वर्षी त्यांच्याकडे जॉर्ज जॅक्सन याचे प्रकरण आले. जॅक्सन हा १९४१ साली शिकागोत जन्मलेला कृष्णवर्णीय तरुण. वयाच्या अठराव्या वर्षी एका पेट्रोल पंपावरील सुमारे ७० डॉलरांच्या लुटीत त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली ती ‘एक वर्ष ते आजन्म’ अशी. त्या काळी त्या राज्यात अशीच पद्धत होती. कैद्याला केव्हा सोडावयाचे हे न्यायाधीश ठरवीत नसत. एक मंडळ वेळोवेळी त्याचे वर्तन पाहून निर्णय देई. जॅक्सनचे तुरुंगातील वर्तन शांत नव्हते. मारामाऱ्या होत, अधिकाऱ्यांशी खटके उडत आणि सुटकेची प्रत्येक विनंती फेटाळली जाई. सत्तर डॉलरांच्या लुटीपायी दहा वर्षे गेली, त्यांतील कित्येक एकांत कोठडीत. त्या कोठडीत बसून तो ग्रंथ वाचीत राहिला, शरीर कमावीत राहिला आणि घरच्या माणसांना पत्रे लिहीत राहिला.

१३ जानेवारी १९७० रोजी सोलेदाद येथील तुरुंगाच्या अंगणात कैद्यांची झटापट झाली. मनोऱ्यावरील पहारेकऱ्याने गोळ्या झाडल्या आणि तीन कृष्णवर्णीय कैदी मृत्यू पावले. चौकशी करणाऱ्या ज्यूरीने तो गोळीबार समर्थनीय ठरविला. तीनच दिवसांनी त्याच तुरुंगात जॉन मिल्स नावाच्या एका तरुण पहारेकऱ्याला मारहाण करून वरच्या मजल्यावरून खाली फेकून देण्यात आले. तो गतप्राण झाला. या वधाचा आरोप जॅक्सन व अन्य दोन कैदी यांच्यावर ठेवण्यात आला. जॅक्सनची मूळ शिक्षा ‘आजन्म’ पर्यंतची असल्याने त्या वेळच्या कायद्याप्रमाणे दोष सिद्ध होताच त्याला देहदंडच होणार होता; न्यायाधीशांना दुसरी शिक्षा देण्याची मुभाच नव्हती.

स्टेंडरबाईंनी हे काम अंगावर घेतले. त्यांनी बचाव समिती उभी केली, निधी जमविला, वृत्तपत्रांना जागे केले आणि ज्या भागात आरोपींविरुद्ध लोकमत तापलेले होते तेथून खटला सॅन फ्रान्सिस्कोत हलविण्याची परवानगी मिळविली. येथवर त्यांनी जे केले ते वकिलीच्या स्वधर्माला धरूनच होते. ज्याच्या मानेवर देहदंडाचे पाते टांगलेले आहे त्याला निष्पक्ष न्यायासन मिळवून देणे, यात अनुचित ते काय?

चित्र आणि माणूस

खटल्याच्या खर्चासाठी आणि लोकांची सहानुभूती मिळावी म्हणून जॅक्सनची पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध करण्याचे ठरले. पत्रे जमविणे, निवडणे, प्रकाशकाकडे पोहोचविणे या कामात स्टेंडरबाईंचा प्रमुख भाग होता. स्वतः त्यांना लिहिलेली पत्रेही त्या संग्रहात आहेत. ‘सोलेदाद ब्रदर’ हे पुस्तक १९७० च्या शरद ऋतूत निघाले. त्याला फ्रान्समधील विख्यात लेखक जाँ जने यांनी प्रस्तावना लिहिली. पाहता पाहता कोठडीतील एका अज्ञात कैद्याचे नाव समुद्रापलीकडे जाऊन पोहोचले.

पत्रे निवडणे म्हणजे काही ठेवणे आणि काही वगळणे. मनुष्याला मनुष्य म्हणून दाखविण्यासाठी केलेली अशी निवड बचावाच्या दृष्टीने क्षम्य आहे. ज्याला जग पशू म्हणत होते तो आईची आठवण काढतो, पित्याशी वाद घालतो, धाकट्या भावाच्या शिक्षणाची चिंता वाहतो, हे लोकांना कळणे आवश्यकच होते. तथापि निवडलेले चित्र म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे. जॅक्सनच्या अंतःकरणात ममता होती तशीच धगधगती सूडबुद्धीही होती. त्याने ती लपविली नव्हती. शस्त्रावाचून मुक्ती नाही असे तो उघड म्हणत असे. मृत्यूच्या थोडेच दिवस आधी पुरे झालेले त्याचे दुसरे पुस्तक पुढे १९७२ साली प्रसिद्ध झाले, त्यात सशस्त्र लढ्याचाच पुरस्कार आहे. परंतु बाहेर जमलेल्या चाहत्यांना हवा होता तो चित्रातला वीर. कोठडीतला क्षुब्ध तरुण त्यांना पाहावयाचाच नव्हता.

येथे आसक्तीचा प्रवेश होतो, आणि तो किती सूक्ष्म मार्गाने होतो हे लक्षात घेण्यासारखे आहे. आसक्ती उघड असत्य बोलत नाही. ती फक्त अर्धे सत्य उजेडात धरते आणि उरलेले अर्धे सावलीत ठेवते. हळूहळू चित्र काढणाराच त्या चित्राची पूजा करू लागतो. अशा पूजेने पूजकाचीच हानी होते असे नाही, जो पूजिला जातो त्याचीही होते. ज्याला हजारो लोक वीर म्हणतात त्याला वीराचे सोंग उतरविण्याची सोय राहत नाही. चूक कबूल करणे, माघार घेणे, भय वाटते असे म्हणणे, हे मनुष्याचे साधे अधिकारही चाहत्यांच्या टाळ्या त्याच्याकडून हिरावून घेतात.

या पूजेची पहिली आहुती पडली ती जॅक्सनच्या घरातच. त्याचा धाकटा भाऊ जोनाथन अवघा १७ वर्षांचा होता. ७ ऑगस्ट १९७० रोजी तो शस्त्रे घेऊन मरीन काउंटीच्या न्यायालयात शिरला. तेथे चाललेल्या दुसऱ्याच एका खटल्यातील कैद्यांच्या साहाय्याने त्याने न्यायाधीश, सरकारी वकील आणि ज्यूरीतील तीन स्त्रियांना ओलीस धरले. काही मिनिटांतच गोळीबार झाला. त्यात न्यायाधीश हॅरॉल्ड हेली, दोन कैदी आणि स्वतः जोनाथन असे चार जण मरण पावले; सरकारी वकील जन्माचा पंगू झाला. कोवळ्या वयाच्या मुलाला आपल्या भावाचे माणूसपण पुरेसे वाटले नाही. भावाच्या प्रतिमेला शोभेलसे काहीतरी करावे असे त्याला वाटले. ज्यांनी ती प्रतिमा उजळली त्यांनी त्याच्या हाती शस्त्र दिले नव्हते, हे खरे. परंतु प्रतिमेची आरती चालू असताना तिच्या ज्वाळा कोणाच्या अंगाला लागतात याचे भान आरती करणाराला राहत नाही, हेही तितकेच खरे.

नकार

यानंतरचा प्रसंग या वृत्तांताचा गाभा आहे. पुस्तकाच्या उत्पन्नाचा उपयोग न्यायालयीन बचावासाठी करावा की सशस्त्र तयारीसाठी, यावरून जॅक्सन आणि स्टेंडरबाई यांच्यात तेढ आली. प्रसिद्ध वृत्तांतांवरून असेही दिसते की, तुरुंगात शस्त्रे पोहोचविण्याच्या कामी त्यांनी साहाय्य करावे अशी त्याची अपेक्षा होती. स्टेंडरबाईंनी नकार दिला. १९७१ च्या प्रारंभी त्या या खटल्यातून दूर झाल्या.

या नकाराचे मोल सहज ध्यानात येत नाही. ज्याच्यासाठी वर्षभर जिवाचे रान केले, ज्याची पत्रे जगापुढे मांडली, ज्याच्या प्राणरक्षणाची हमी मनोमन घेतली, त्याला ‘हे माझ्याकडून होणार नाही’ असे सांगणे म्हणजे आपल्या हाताने घडविलेल्या मूर्तीपुढून उठून जाणे होय. आसक्तीला हे जमत नाही. आसक्तीचा आरंभ ‘त्याच्यासाठी सर्व काही’ येथून होतो आणि शेवट ‘त्याच्यासाठी काहीही’ येथे होतो. ‘सर्व काही’ आणि ‘काहीही’ या दोन शब्दांमध्ये धर्माची सीमारेषा आहे. वकिलाने आपले सर्व ज्ञान, सर्व वेळ, सर्व धैर्य आरोपीला द्यावे. ते सर्व काही झाले. पण त्याच्यासाठी कोणाच्या तरी मरणाचे साधन आत नेऊन द्यावे, हे ‘काहीही’ झाले. स्टेंडरबाई त्या रेषेपाशी थांबल्या. तोवर त्यांच्या मनात करुणा आणि आसक्ती यांची कितीही सरमिसळ झालेली असो, त्या क्षणी करुणेने स्वतःला वेगळे करून घेतले.

२१ ऑगस्ट १९७१ रोजी, खटला उभा राहण्याच्या अगदी तोंडावर, सॅन क्वेन्टिनच्या तुरुंगात जॅक्सनच्या हाती पिस्तूल दिसले. त्या दिवशीच्या रक्तपातात तीन पहारेकरी, दोन कैदी आणि जॅक्सन स्वतः असे सहा जण प्राणास मुकले. त्याच्यावरील वधाच्या आरोपाचा निकाल कोणत्याही न्यायालयाने दिला नाही. त्याच्या बरोबरचे दोघे आरोपी १९७२ साली निर्दोष सुटले. जी न्यायालयाची वाट निरर्थक म्हणून त्याने सोडली, त्याच वाटेने त्याचे सोबती मृत्यूच्या दारातून परत आले.

जबानी

स्टेंडरबाईंनी यानंतर काही वर्षे कैद्यांना कायद्याचे साहाय्य देणारी एक संस्था चालविली. ज्यांच्यासाठी वृत्तपत्रांत कधी एक ओळही छापून आली नसती अशा कैद्यांची गाऱ्हाणी त्या ऐकत राहिल्या.

२८ मे १९७९ रोजी एक सशस्त्र इसम बर्कली येथील त्यांच्या घरात शिरला. जॅक्सनच्या नावाशी जोडलेल्या कैद्यांच्या एका टोळीशी त्याचा संबंध होता. त्याने पिस्तुलाच्या धाकाने त्यांच्याकडून, आपण जॉर्ज जॅक्सनचा विश्वासघात केला, असा कबुलीजबाब लिहून घेतला आणि मग त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या वाचल्या, परंतु कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. पुढे त्यांनी न्यायालयात येऊन साक्ष दिली आणि हल्लेखोर दोषी ठरला. त्यानंतर काही महिन्यांतच, मे १९८० मध्ये, हाँगकाँग येथे त्यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. त्या वेळी त्यांचे वय ४८ वर्षांचे होते.

या शेवटाविषयी बोलताना वाणीला संयम हवा. जखमी शरीराची आणि त्याहून जखमी मनाची व्यथा बाहेरच्याने मापू नये. तिच्यावरून त्या बाईंच्या आयुष्याचा निवाडा करणे तर मुळीच उचित नव्हे. एवढेच म्हणता येईल की, जो दुसऱ्याचे ओझे वाहतो त्यालाही आधाराची गरज असते, ही गोष्ट समाज नेहमी विसरतो. ज्याच्या घरी सर्व जण आपले दुःख घेऊन येतात त्याच्या दुःखाची चौकशी करावयास फारसे कोणी येत नाही.

त्यांच्या हातून लिहून घेतलेल्या दोन ओळी आणि त्यांनी न्यायालयात दिलेली साक्ष, यांकडे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. पहिल्या ओळी शस्त्राने वदविल्या. दुसरे शब्द शपथेने उच्चारले गेले. जगात पुष्कळदा असे होते की, दडपणाखाली लिहिलेले खोटे मोठ्या अक्षरांत छापले जाते आणि शांतपणे सांगितलेले सत्य कोपऱ्यात पडून राहते. अधर्मात सामील होण्यास नकार देणे याला ‘विश्वासघात’ म्हणणारे लोक प्रत्येक काळात असतात. बिभीषणालाही लंकेत हेच ऐकावे लागले होते.

शंका आणि समाधान

शंका : ज्याच्या हातून अपराध घडला असावा असे लोकांना वाटते, त्याचा बचाव करणे हाच मुळात अधर्म नव्हे काय?

समाधान : नव्हे. ‘लोकांना वाटते’ आणि ‘सिद्ध झाले’ या दोहोंत अंतर आहे. ते अंतर राखण्यासाठीच न्यायालय असते. १७९२ साली इंग्लंडमध्ये टॉमस पेन याच्यावर राजद्रोही लिखाणाचा खटला झाला, तेव्हा टॉमस अर्स्किन या वकिलाने राजघराण्यातील आपल्या पदाची पर्वा न करता त्याचा बचाव केला. खटला गेला आणि पदही गेले, पण अप्रिय मनुष्यालाही वकील मिळालाच पाहिजे हे तत्त्व त्याने राखले. भारताच्या राज्यघटनेतील बाविसाव्या अनुच्छेदाने अटक झालेल्या मनुष्याला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा अधिकार दिलेला आहे. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव वकील संघांनी करणे बेकायदेशीर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. अपराध्याचा बचाव म्हणजे अपराधाचा बचाव नव्हे. वैद्य रोग्याची शुश्रूषा करतो म्हणून तो रोगाचा पक्षपाती ठरत नाही. मात्र वकिलाने असत्य पुरावा उभा करू नये आणि पुढे घडावयाच्या दुष्कृत्यात भागीदार होऊ नये, ही मर्यादा तितकीच कठोर आहे.

शंका : ज्या बाईंनी आयुष्यभर तुरुंगाविरुद्ध लढा दिला त्यांनीच एका माणसाला तुरुंगात पाठविणारी साक्ष दिली, ही विसंगती नव्हे काय?

समाधान : तशी ती वरवर दिसते. परंतु त्यांचा लढा अन्यायाविरुद्ध होता, सत्याविरुद्ध नव्हता. स्वतःवरील आघात क्षमा करणे हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे. न्यायासनापुढे जे घडले ते जसेच्या तसे सांगणे हे समाजाचे देणे आहे. क्षमा करणारानेही खोटी साक्ष देण्याचे कारण नाही, आणि खरी साक्ष देणाराच्या मनात सूड असतोच असे नाही. शिवाय त्यांना गोळ्या घालणाऱ्यालाही वकील मिळाला, उलटतपासणीचा अधिकार मिळाला. ज्या न्यायासाठी त्या झगडल्या तोच त्यांच्या हल्लेखोराच्या वाट्याला आला. यात विसंगती कसली? उलट त्यांच्या तत्त्वाची ती पूर्तताच होय.

शंका : एवढे करून त्या बाईंच्या पदरी काय पडले? उपकाराची फेड गोळ्यांनी झाली. मग परोपकार करावा तरी कशासाठी?

समाधान : ही शंका सर्वांत नैसर्गिक आणि सर्वांत घातक आहे. साहाय्य करताना मनात जर फेडीची वही उघडी असेल, तर ते साहाय्य देवघेवीचा व्यवहार होते. त्यात कधी नफा, कधी बूड ठरलेली. करुणेची वही नसते. ज्या ‘एक वर्ष ते आजन्म’ अशा अनिश्चित शिक्षेने जॅक्सनचे तारुण्य गिळले, ती पद्धत कॅलिफोर्नियात बहुतेक गुन्ह्यांपुरती १९७७ साली बंद झाली. ती कोणा एका व्यक्तीने बंद केली नाही. अनेकांनी अनेक वर्षे त्या प्रश्नाकडे लक्ष वेधले, त्यांत स्टेंडरबाईंचाही आवाज होता. कर्त्याला आपल्या कर्माचे फळ ओळखताही येऊ नये अशा दुरून ते येते. म्हणूनच फळावर दृष्टी ठेवून कर्म करणारा मध्येच खचतो, आणि कर्तव्यावर दृष्टी ठेवणारा अखेरपर्यंत चालतो.

करुणेची लक्षणे

या वृत्तांतावरून करुणा आणि आसक्ती यांतील भेद थोडक्यात असा सांगता येईल :

(१) करुणा माणसाला संपूर्ण पाहते. त्याच्यावर झालेला अन्याय आणि त्याच्या हातून होऊ शकणारा अन्याय, दोन्ही तिच्या दृष्टीसमोर असतात. आसक्ती यांतील एकच पाहते.

(२) करुणेला ‘नाही’ म्हणता येते. ज्याला आपण कधीच नकार देऊ शकत नाही त्याच्यावर आपली करुणा नसून त्याची आपल्यावर सत्ता आहे, असे समजावे.

(३) करुणा एकाचे अश्रू पुसताना दुसऱ्याचे विसरत नाही. जॅक्सनची माता दोन पुत्रांना मुकली. त्याचप्रमाणे त्या तरुण पहारेकऱ्याच्या घरी आणि त्या न्यायाधीशांच्या घरीही चूल थंड झाली. ज्या कैवारात समोरच्या पक्षाचे दुःख दिसेनासे होते तो कैवार पक्षाभिमान होऊन बसतो.

(४) करुणा ज्याला हात देते त्याला स्वतःच्या पायांवर उभे करू पाहते, मखरात बसवू पाहत नाही.

या दृष्टीने वाल्या कोळ्याची कथा मननीय आहे. नारदमुनी त्या लुटारूला भ्याले नाहीत, त्यांनी त्याचा तिरस्कारही केला नाही आणि त्याच्या पराक्रमाने ते मोहितही झाले नाहीत. त्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला : ज्यांच्यासाठी हे पाप करतोस ते त्याचे वाटेकरी होतील काय? त्या एका प्रश्नाने जे झाले ते स्तुतीने झाले नसते आणि शिक्षेनेही झाले नसते. वाल्याचा वाल्मीकी झाला तो वारुळाच्या एकांतात; जगाच्या जयघोषात नव्हे. जॅक्सनलाही एकांत मिळाला होता, ग्रंथ मिळाले होते, अन्यायाची तीव्र जाणीव होती. चहूकडून स्तुतीचे चौघडे वाजत असताना त्याला नारदाचा प्रश्न विचारणारे किती होते, हे सांगता येत नाही. पण त्याला नकार देणारी एक व्यक्ती तरी होती. त्या नकारातच तो प्रश्न दडलेला होता.

गृहस्थाचे कर्तव्य

प्रत्येक घरात न्यायालय नसले तरी आरोपी असतो. कोणाचा मुलगा वाईट संगतीला लागतो, कोणाचा भाऊ अफरातफरीत सापडतो, कोणाची सून वा जावई कुळाच्या दृष्टीने अपराधी ठरतात. अशा वेळी गृहस्थ बहुधा दोन टोकांना जातो. एक टोक म्हणजे ‘तो आमचा कोणी नव्हे’ असे म्हणून दार लावणे. दुसरे टोक धृतराष्ट्राचे. धृतराष्ट्राला पुत्राचे दोष ठाऊक नव्हते असे नाही. विदुर त्याला ते रात्र रात्र जागून सांगत असे आणि तो मानही डोलावीत असे. परंतु दुर्योधनाला ‘नाही’ हा एक शब्द त्याला कधी उच्चारता आला नाही, आणि त्या एका न उच्चारलेल्या शब्दापायी कुळाचा संहार झाला. त्याच घरात विदुरही राहत होता. त्याचे दुर्योधनावर प्रेम कमी होते असे म्हणता येत नाही. फक्त त्याच्या प्रेमाला डोळे होते.

तेव्हा वाट चुकलेल्याचा कैवार अवश्य घ्यावा. त्याला पोलिसांच्या, पंचांच्या वा सोयऱ्याधायऱ्यांच्या कठोर दृष्टीपुढे एकटे टाकू नये. त्याची बाजू पूर्णपणे ऐकून घ्यावी, दुसऱ्यांना ऐकावयास लावावी, त्यासाठी पैसा, वेळ, प्रतिष्ठा खर्चावी. परंतु त्याच्यासाठी खोटे बोलावयाची वेळ आली, दुसऱ्या कोणाला इजा होईल असे काही करावयाची वेळ आली, की तेथे थांबावे आणि त्याचा हात न सोडता शांतपणे नाही म्हणावे. त्या नकाराचा त्याला राग येईल. कदाचित तो आयुष्यभर विश्वासघातकी म्हणेल. ते ऐकून घेण्याची मनाची तयारी आधीच करून ठेवावी.

आणि आपल्या शेजारी, आप्तांत वा गावात असे दुसऱ्यांचे ओझे वाहणारे कोणी असेल, तर त्याच्या दारी केवळ आपले गाऱ्हाणे घेऊन जाऊ नये. कधी काही न मागता त्याच्यापाशी बसावे आणि त्याचे स्वतःचे कसे चालले आहे, हे विचारावे.